सारखी हाक आली तर काम कधी होणार? – इंटरप्टचा भार आणि तो कमी करण्याचे उपाय



बारावीच्या संगणकशास्त्राच्या दुसऱ्या पेपरला ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकवताना इंटरप्ट हा भाग येतो. ट्रॅप, आरएसटी ७.५, आरएसटी ६.५, आरएसटी ५.५ आणि आयएनटीआर ही पाच नावं आणि त्यांचा अग्रक्रम मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मार्क मिळवतात. मीही बरीच वर्षं हे असंच शिकवलं. फळ्यावर लिहायचं, "पोलिंगमध्ये वेळ वाया जातो, इंटरप्टमध्ये वाचतो," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कामशेत भागातल्या वर्गात हाच तास चालू होता. त्या एका तासात शिपाईमामा तीन वेळा सूचनेची वही घेऊन आले. स्कॉलरशिपचे फॉर्म, फी आणि तिसऱ्यांदा बसच्या पासची यादी. तिसऱ्या वेळी मामा गेल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, एकेका सूचनेला अर्धा मिनिटपण लागलं नाही. तरी फळ्यावरचं उदाहरण अजून अर्धंच आहे. कॉम्प्युटरचं पण असं होतं का?"

मी म्हणाले, "छे गं, कॉम्प्युटर खूप फास्ट असतो, त्याला काही फरक पडत नाही."

हे उत्तर चुकीचं होतं. कॉम्प्युटरचंही अगदी असंच होतं. इतकं होतं, की ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षं डोकं खाजवलं आहे. आजचा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायला हवं होतं ते उत्तर.

इंटरप्ट का लागतो?

समजा, चुलीवर दूध ठेवलंय. दर दहा सेकंदांनी जाऊन "उतू जातंय का?" असं बघत राहिलो, तर ते झालं पोलिंग. दूध वर आलं की शिट्टी वाजेल असं भांडं वापरलं आणि तोवर भाजी चिरत बसलो, तर तो झाला इंटरप्ट.

कॉम्प्युटरमध्ये कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड अशी उपकरणं प्रोसेसरच्या मानाने फार सावकाश चालतात. त्यांची वाट बघत प्रोसेसर थांबला तर त्याचा सगळा वेळ बघण्यातच जाईल. म्हणून १९५० च्या दशकातच ही सोय आली: उपकरणाला काही सांगायचं असेल तेव्हा ते प्रोसेसरला खूण करेल. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवेल, उपकरणाचं काम करेल आणि परत मूळ कामाला लागेल. इथपर्यंत आपल्या पुस्तकात आहेच.

एका हाकेची किंमत

पुस्तकात नसतो तो पुढचा भाग. इंटरप्ट आला की काय काय होतं ते क्रमाने पाहू.

१. प्रोसेसर चालू असलेली सूचना पूर्ण करतो.
२. कुठे होतो ते, म्हणजे प्रोग्रॅम काउंटर आणि फ्लॅग, स्टॅकवर लिहून ठेवतो.
३. कोणी हाक मारली त्याप्रमाणे ठरलेल्या पत्त्यावर उडी मारतो.
४. तिथे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बाकीचे रजिस्टर जपून ठेवतो.
५. उपकरणाला विचारतो, "काय झालं?" उपकरणाकडून उत्तर मिळवणं हे मेमरी वाचण्यापेक्षा सावकाश असतं.
६. काम करतो, आणि "तुझी हाक ऐकली" असं इंटरप्ट कंट्रोलरला कळवतो.
७. सगळे रजिस्टर परत जागेवर ठेवतो आणि मूळ कामाकडे जातो.

यात एक न दिसणारा खर्चही आहे. प्रोसेसरच्या जवळची छोटी वेगवान मेमरी, म्हणजे कॅश, मधल्या काळात दुसऱ्याच माहितीने भरते. मूळ काम परत सुरू झालं की हवी ती माहिती पुन्हा लांबून आणावी लागते. वर्गात मामा गेल्यावर आपण विचारतो ना, "हं, कुठे होतो आपण?" आणि मुलं वह्या चाळायला लागतात, तसंच.

आपल्या घाटातलंच उदाहरण घ्या. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर काही ठिकाणी ३७ ला १ असा चढ आहे. म्हणून कर्जतला गाडीला जादा बँकर इंजिनं जोडतात आणि वर आल्यावर सोडतात. जोडण्या-सोडण्याला जो वेळ लागतो, तो गाडीत किती माणसं बसलीत यावर ठरत नाही. भरलेल्या गाडीला तेवढाच, रिकाम्या गाडीला तेवढाच. आता कल्पना करा, प्रत्येक प्रवाशाला वेगळी गाडी दिली आणि प्रत्येक गाडीला कर्जतला इंजिनं जोडली! दर इंटरप्टमागे एकच छोटं काम करणं म्हणजे हेच.

थोडं गणित करू

हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या, पटकन पटतं.

नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीचे तुकडे असतात, त्यांना आपण पॅकेट म्हणू. इथरनेटवरचं सर्वात लहान पॅकेट ६४ बाइटचं. त्याच्या आधीची खूण ८ बाइट आणि दोन पॅकेटमधलं अंतर १२ बाइट, म्हणजे तारेवर एकूण ८४ बाइट, म्हणजेच ६७२ बिट.

१०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त अशी किती पॅकेट येतील? १० कोटी भागिले ६७२, म्हणजे सुमारे १ लाख ४८ हजार ८१०. एक गिगाबिटवर याच्या दहापट, सुमारे १४ लाख ८८ हजार.

आता फक्त हिशोबासाठी धरू, की एका इंटरप्टचा वरखर्च २ मायक्रोसेकंद आहे. खरा आकडा मशीनप्रमाणे बदलतो.

१०० मेगाबिटवर: १,४८,८१० × २ मायक्रोसेकंद = सुमारे ०.३ सेकंद. म्हणजे दर सेकंदातला तीस टक्के वेळ नुसता "आलो, आलो" म्हणण्यात गेला.

एक गिगाबिटवर: १४,८८,०९५ × २ मायक्रोसेकंद = सुमारे २.९८ सेकंद. एका सेकंदात जवळजवळ तीन सेकंदांचं काम! म्हणजे एकट्या प्रोसेसरला हे जमणारच नाही. "कॉम्प्युटर खूप फास्ट असतो" हे माझं उत्तर इथेच कोसळलं.

काम चालू, पण निष्पत्ती शून्य

भार वाढला की कॉम्प्युटर जरा सावकाश होईल इतकंच आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याहून वाईट घडू शकतं.

लाँग वीकएंडला लोणावळ्यातलं चिक्कीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर एकच माणूस. त्याला मालकाने सांगून ठेवलंय, नवीन गिऱ्हाईक आलं की हातातलं टाकून आधी "या, काय देऊ?" असं विचारायचं. चार गिऱ्हाइकं असतील तोवर ठीक. पण रांग लागली, की तो बिचारा अर्धवट बांधलेला पुडा टाकून सारखा "काय देऊ?" विचारत राहणार. दिवसभर घाम गाळून एकही पुडा बांधून होणार नाही, आणि गिऱ्हाइकं कंटाळून निघून जातील.

कर्नलमध्ये याला लाइव्हलॉक म्हणतात. मशीन बंद पडलेलं नसतं, पूर्ण जोरात चालू असतं, पण उपयोगाचं काही बाहेर येत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये यावर शोधनिबंध मांडला. एका जाळ्यावरून आलेली पॅकेट दुसऱ्या जाळ्यावर पाठवणाऱ्या मशीनवर भार वाढवत नेला, तर आधी बाहेर जाणारी पॅकेट वाढतात, मग एका मर्यादेनंतर कमी होऊ लागतात आणि शेवटी शून्यावर येऊ शकतात. कारण पॅकेट घेण्याच्या इंटरप्टला अग्रक्रम जास्त. सगळा वेळ घेण्यात जातो, पाठवायला उरतच नाही. घेतलेली पॅकेट जागा नाही म्हणून फेकली जातात, म्हणजे ती घ्यायला घातलेली मेहनतही फुकट.

मुलांना आलेख काढायला सांगा. आडव्या अक्षावर आत येणारी पॅकेट, उभ्या अक्षावर बाहेर जाणारी. चांगल्या सिस्टिमची रेघ चढते आणि मग सपाट राहते. लाइव्हलॉकची रेघ चढते आणि खाली कोसळते.

उपाय काय काय?

१. तातडीचं आता, बाकीचं नंतर. इंटरप्टचं काम दोन भागांत तोडायचं. पहिल्या भागात फक्त उपकरणाला पोच द्यायची आणि कामाची नोंद करायची. दुसरा, मोठा भाग थोड्या वेळाने, इतर इंटरप्ट चालू ठेवून करायचा. लिनक्समध्ये यांना टॉप हाफ आणि बॉटम हाफ म्हणतात. पुढे २००९ मध्ये लिनक्स २.६.३० मध्ये हा दुसरा भाग स्वतंत्र थ्रेडमध्ये चालवायची सोय आली, म्हणजे त्यालाही इतर कामांप्रमाणे रांगेत लावता येतं.

लक्षात घ्या, याने हाकांची संख्या कमी होत नाही. प्रत्येक हाकेला अडकून पडण्याचा वेळ कमी होतो.

२. हाका गोळा करा. मावळात दूध घालणारा शेतकरी प्रत्येक लिटरमागे गाडी बोलावत नाही. दूध केंद्रावर जमतं आणि गाडी ठरल्या वेळी येऊन सगळं नेते. नेटवर्क कार्डही तसंच करू शकतं. काही पॅकेट जमेपर्यंत थांबायचं आणि मग एकच इंटरप्ट द्यायचा.

गणित: सेकंदाला १ लाख पॅकेट आणि प्रत्येकाला वेगळा इंटरप्ट, तर वरखर्च २० टक्के. वीस पॅकेटना मिळून एक, तर इंटरप्ट ५,००० आणि वरखर्च फक्त १ टक्का. पॅकेट तपासण्याचं मूळ काम अर्थातच तेवढंच राहतं.

पण एक पॅकेट आलं आणि पुढची एकोणीस आलीच नाहीत तर? ते एकटं बसून राहील. म्हणून दुहेरी नियम लावतात: "वीस जमेपर्यंत किंवा ५० मायक्रोसेकंद, जे आधी होईल ते." हा वेळेचा भाग विसरू नका. पुढे मला तो चांगलाच आठवणार होता.

३. गर्दीत पोलिंगकडे परत. हा उपाय मुलांना सगळ्यात जास्त आवडतो, कारण पुस्तकातलं "वाईट" पोलिंग इथे कामाला येतं. मोगल आणि रामकृष्णन यांनी हीच दिशा दाखवली होती. लिनक्ससाठी जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी ही रचना २००१ मध्ये मांडली. तिचं नाव एनएपीआय.

पद्धत साधी आहे. पहिलं पॅकेट आलं की इंटरप्ट येतो. कर्नल त्या कार्डाला सांगतो, "कळलं, आता हाक मारू नकोस, मीच येऊन बघतो." मग तो स्वतः जाऊन रांगेतली पॅकेट उचलतो. एका खेपेला साधारण ६४ ची मर्यादा, म्हणजे इतर कामं उपाशी राहत नाहीत. रांग रिकामी झाली की पुन्हा इंटरप्ट चालू. काम कमी असताना इंटरप्ट, गर्दी असताना पोलिंग, आणि बदल आपोआप. रांग भरलीच तर जादा पॅकेट कार्डापाशीच गळतात, प्रोसेसरचा वेळ न खाता.

४. काम वाटून घ्या. आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात. सगळे इंटरप्ट एकाच कोअरवर गेले तर तो दमतो आणि बाकीचे बसून राहतात. म्हणून कार्डामध्ये अनेक रांगा ठेवतात आणि प्रत्येक रांगेचा इंटरप्ट वेगळ्या कोअरला देतात.

५. गरज नसलेली हाक बंद करा. पूर्वी कर्नलला घड्याळाचा इंटरप्ट ठरावीक वेळाने यायचाच, कॉम्प्युटर रिकामा असला तरी. लिनक्स २.६ च्या सुरुवातीला साध्या पीसीवर हा दर सेकंदाला १,००० होता, नंतर नेहमीची निवड २५० झाली. २००७ मध्ये २.६.२१ पासून, प्रोसेसर रिकामा असताना हे ठोके थांबवायची सोय आली. झोपलेल्या माणसाला "झोपलास का?" असं विचारायला उठवायचं नाही, इतकंच! लॅपटॉपची बॅटरी वाचते ती अशाही गोष्टींमुळे.

६. कर्नलला मध्ये घेऊच नका. महासंगणकात शेकडो मशीन एकमेकांशी सतत बोलतात. तिथे निरोप नेटवर्क कार्डातून थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत पोचवण्याची पद्धत वापरतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बनवला आणि पुढे परम पद्मसाठी परमनेट-२ हे स्वतःचं वेगवान जाळं तयार केलं. वेगवान प्रोसेसर गोळा केले की महासंगणक होत नाही, त्यांच्यातला निरोपाचा खर्चही कमी करावा लागतो, हे मुलांना सांगायला हे जवळचं उदाहरण आहे.

आम्ही शाळेत केलेला प्रयोग

हे सगळं वाचून झाल्यावर मी उत्साहात होते. स्टाफरूममध्ये मांडलं, की सूचना तासाच्या मध्ये आणायच्याच नाहीत. ऑफिसमध्ये एका वहीत जमा करायच्या, आणि तिसऱ्या व सहाव्या तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत एकदमच वाचायच्या. सगळ्यांना पटलं. दोन आठवडे तास इतके शांत गेले, की आमचे गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, तुमचा तो इंटरप्ट आम्हालापण शिकवा."

मग जुलैमधला तो दिवस आला. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. चौथ्या तासाच्या सुरुवातीला नाणे मावळातून एका पालकांचा फोन आला. साकवावर पाणी चढतंय, दुपारची एसटी लवकर सुटणार आहे, मुलांना लगेच सोडा. ऑफिसमध्ये नियमाप्रमाणे निरोप वहीत लिहिला गेला. वही उघडली सहाव्या तासाच्या शेवटी. तोवर एसटी गेली होती.

त्या बाजूची सात मुलं अडकली. चौघांची सोय कामशेतमध्येच नातेवाइकांकडे झाली, तिघी मुली माझ्या घरी राहिल्या. त्यातली एक प्रश्न विचारणारीच होती. तिच्या गावात रेंज नव्हती. तिच्या आईपर्यंत "पोरगी सुखरूप आहे" हा निरोप पोचायला रात्रीचे नऊ वाजले. तोवर ती माउली छत्री घेऊन फाट्यावर उभी होती, असं दुसऱ्या दिवशी कळलं.

रात्री जेवताना ती मुलगी म्हणाली, "मॅडम, निरोप हरवला नव्हता. बफरमध्ये होता. पण टायमर नव्हता ना?"

मला घास गिळेना. मी तिला सांगितलं, की त्या दिवशी वर्गात दिलेलं माझं उत्तर चुकलं होतं, आणि आता हा नियमही मीच अर्धा शिकून बनवला. हाका गोळा केल्या की काम वाढतं, पण प्रत्येक हाकेला उशीर होतो. किती उशीर चालेल हे आधी ठरवायला हवं होतं. ८०८५ मध्ये ट्रॅप हा इंटरप्ट झाकता येत नाही, तो का झाकता येऊ नये हेही मी वर्षानुवर्षं फक्त एका मार्कापुरतं शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी वहीला दोन नियम जोडले. पहिला, वहीतली कोणतीही सूचना एका तासापेक्षा जास्त थांबणार नाही. दुसरा, पाऊस, एसटी, आजारपण आणि घरचा तातडीचा निरोप यांना लाल चिठ्ठी. ती आली की तास थांबतो. लाल चिठ्ठी लिहायचा अधिकार दोघांनाच, कारण सगळ्याच सूचना लाल झाल्या तर पहिल्या दिवसाचा गोंधळ परत येईल.

वर्गात करून पाहा

उपक्रम १ (वेळ १५ मिनिटं): एका मुलाला "प्रोसेसर" करा आणि बेरजेची वीस गणितं द्या. चार मुलं "उपकरणं". पहिल्या फेरीत ती वाटेल तेव्हा चिठ्ठी देतील. प्रोसेसरने पेन खाली ठेवायचं, कुठे होतो ते कागदावर लिहायचं, चिठ्ठीतला शब्द वहीत उतरवायचा आणि परत गणिताकडे यायचं. दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि दर पाच गणितांनंतर डबा उघडायचा. दोन्ही वेळा घड्याळ लावा. मग सर्वात जास्त थांबलेली चिठ्ठी किती वेळ थांबली, तेही मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय उपक्रम पूर्ण समजू नका.

उपक्रम २ (संगणक कक्ष): लिनक्स असलेल्या मशीनवर ‘प्रोक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ नावाची फाइल टर्मिनलमध्ये उघडा. प्रत्येक उपकरणापुढे आणि प्रत्येक कोअरखाली आकडे दिसतील. दहा सेकंदांनी पुन्हा पाहा आणि फरक काढा. मग एखादी मोठी फाइल डाउनलोड करताना तेच करा. कोणता आकडा पळतो, कोणत्या कोअरवर पळतो, हे मुलांनी स्वतः शोधू दे.

पालकांसाठी दोन शब्द

अभ्यासाच्या टेबलावर वाजणारा मोबाइल हाही इंटरप्टच. मेसेज वाचायला पाच सेकंद लागतात, पण गणितात परत शिरायला त्याहून जास्त. नोटिफिकेशन बंद करून तासाभराने एकदा मोबाइल बघू द्या. मात्र घरच्यांचा फोन वाजेल अशी सोय ठेवा. आणि आपणही मूल अभ्यासाला बसलेलं असताना पाणी आण, दार उघड, रिमोट दे, अशा हाका जरा गोळा करून मारूया.

स्वाध्याय

१. सेकंदाला ५०,००० पॅकेट येतात, प्रत्येकाला एक इंटरप्ट, एका इंटरप्टचा वरखर्च २ मायक्रोसेकंद. किती टक्के वेळ जातो? (उत्तर: १० टक्के)
२. दहा पॅकेटना मिळून एक इंटरप्ट दिला तर? (उत्तर: १ टक्का)
३. वरच्या उदाहरणात दहा पॅकेट जमेपर्यंत पहिल्या पॅकेटला किती थांबावं लागेल? (उत्तर: दोन पॅकेटमध्ये २० मायक्रोसेकंद, म्हणून ९ × २० = १८० मायक्रोसेकंद)
४. तुमच्या शाळेतली कोणती सूचना थांबू शकते आणि कोणती अजिबात थांबू नये? कारणासह यादी करा.

चौथ्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही. पण पावसाळा सुरू व्हायच्या आत ती यादी मुलांसोबत बसून नक्की करा, आणि ऑफिसच्या भिंतीवर लावा. आमची लावलेली आहे. सर्वात वरची ओळ त्या मुलीच्याच अक्षरात आहे: "एसटीची वेळ बदलली तर."